नळीत ३०००, प्लास्टिकमधे ०.४: उष्णता अडते कुठे?

कार्बन नॅनोट्यूबबद्दल कुठेही वाचायला घ्या, पहिल्या दोन ओळींतच एक आकडा समोर येतो, ३००० वॅट प्रति मीटर केल्विन, म्हणजे उष्णता वाहून नेण्याची क्षमता, थर्मल कंडक्टिव्हिटी. तांबं साधारण ४००, शुद्ध ॲल्युमिनियम २३७, हिरा २००० च्या आसपास, आणि केसापेक्षा काही हजार पटीने बारीक अशी ही कार्बनची नळी सगळ्यांच्या पुढे. मग पुढचा विचार आपोआप येतो, की एपॉक्सीसारखं प्लास्टिक ०.२ वर अडकलंय ना, त्यात या नळ्या थोड्या कालवल्या की झालं, हलकं, न गंजणारं आणि धातूसारखी उष्णता नेणारं मटेरियल तयार. मी इलेक्ट्रॉनिक्सच्या थर्मल डिझाइनमधे काम करते, त्यामुळे प्रोजेक्टचा सीझन आला की हा विषय घेतलेली शेवटच्या वर्षाची मुलं विचारायला येतातच, ताई एक टक्का टाकू का दोन टक्के, आणि त्यांना फोनवर जे सांगते ते एकदा नीट लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं. विषय मला मनापासून आवडतो, आणि खरी मजा ते ३००० जिथे अडकतात तिथे आहे, तर आपण तिथवर जाऊ.

आधी हा आकडा आला कुठून ते बघू. जपानमधे एनईसीच्या प्रयोगशाळेत सुमिओ इजिमांनी १९९१ मधे या नळ्यांचे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधले फोटो प्रसिद्ध केले आणि तिथून जगभर लाट आली (कार्बनच्या पोकळ नळ्यांचे फोटो १९५२ मधे दोन रशियन शास्त्रज्ञांनीही छापले होते, पण ते रशियन भाषेतल्या जर्नलमधे, बाहेर फार कुणापर्यंत पोचलेच नाहीत). २००० साली कॉम्प्युटरवर केलेल्या एका गणितात सिंगलवॉल (एकाच भिंतीच्या) नळीसाठी ६६०० असा आकडा आला. आणि २००१ मधे बर्कलीत किम, शी, मजुमदार आणि मॅकयुएन यांनी एका नळीवर प्रत्यक्ष मोजून दाखवलं. कसं मोजलं ते वाचून मी अजूनही थक्क होते, सिलिकॉन नायट्राइडची दोन इवलीशी बेटं हवेत तरंगती ठेवायची, प्रत्येकावर प्लॅटिनमची बारीक तार, तीच हीटर आणि तीच थर्मामीटर, दोन बेटांच्या मधे १४ नॅनोमीटर जाडीची एकच मल्टिवॉल (एकात एक अशा अनेक भिंतींची) नळी आडवी टाकायची आणि एका बाजूला तापवून दुसऱ्या बाजूला किती पोचतंय ते बघायचं. रूम टेंपरेचरला ३००० च्या वर आकडा आला. पुढे २००६ मधे स्टॅनफर्डला सिंगलवॉल नळीवर मोजलं तेव्हा ३५०० च्या आसपास आला. म्हणजे आकडा खराच आहे. फक्त तो कुणाचा आहे ते लक्षात ठेवायचं, एकट्या नळीचा, जिच्या आजूबाजूला काहीही नाही.

आता साधा हिशोब करू. प्लास्टिकमधे नळ्या सगळ्या दिशांना विखुरलेल्या असतात, म्हणून आपल्याला हव्या त्या दिशेला ढोबळमानाने एक तृतीयांशच उपयोगी पडतात असं धरू. आकारमानाने १ टक्का नळ्या टाकल्या, ३००० चा शंभरावा भाग ३०, त्याचा एक तृतीयांश १०. म्हणजे ०.२ वरून थेट १० वर, पन्नास पट. आणि प्रत्यक्षात? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गटाने २००२ मधे एपॉक्सीत वजनाने १ टक्का सिंगलवॉल नळ्या टाकल्या तेव्हा रूम टेंपरेचरला १२५ टक्के वाढ मिळाली, म्हणजे सव्वादोन पट, आणि तेव्हा ते फार मोठं यश समजलं गेलं, नंतरच्या कित्येक प्रयोगांत तर तेवढंही मिळालेलं नाही. (इथे एक बारीक गोष्ट, वजनाने १ टक्का आणि आकारमानाने १ टक्का वेगळे, मल्टिवॉल नळ्या एपॉक्सीपेक्षा जड असतात म्हणून वजनाचा १ टक्का आकारमानात ०.६ च्या आसपास येतो, पेपर वाचताना कुठला टक्का ते आधी बघा.) तो फरक धरला तरी कुठे तीस-चाळीस पट आणि कुठे सव्वादोन पट. बाकीचं कुठे गेलं?

सांध्यात गेलं. माझं सगळं म्हणणं खरं तर याच एका शब्दात आहे.

प्लास्टिक काय किंवा नॅनोट्यूब काय, यांच्यात उष्णता मुख्यतः अणूंच्या कंपनातून पुढे सरकते, त्या कंपनांच्या लाटांना फोनॉन म्हणतात (धातूंत हेच काम इलेक्ट्रॉन करतात). नळीमधे कार्बनचे अणू एकमेकांना इतके घट्ट आणि इतके शिस्तीत बांधलेले असतात की फोनॉन साधारण अर्धा मायक्रॉन विनाअडथळा जातो, अणूंच्या मापाने हे अंतर प्रचंड आहे. प्लास्टिकमधे साखळ्यांचा नुसता गुंता, चारदोन अणू पुढे गेलं की लाट विस्कटली. आणि हे दोन पदार्थ जिथे भेटतात तिथे खरी अडचण, कारण नळीचा ताठपणा १००० गिगापास्कलच्या घरात आणि एपॉक्सीचा ३ च्या घरात, त्यामुळे नळीतली बरीचशी कंपनं इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीची की प्लास्टिकला ती झेपतच नाहीत, शिवाय दोघांत रासायनिक बंध नाही, नुसतं व्हॅन डर वाल्सचं हलकं आकर्षण. मग फक्त खालच्या फ्रिक्वेन्सीची थोडी कंपनं पलीकडे उतरतात आणि बाकीची परत फिरतात.

स्लॅब टाकायच्या दिवशी घमेल्यांची रांग बघितली असेल तर हे लगेच कळेल. रांगेतला प्रत्येक गडी कितीही दणकट असू दे, घमेलं हातातून हातात न देता प्रत्येक वेळी खाली ठेवायचं आणि पुढच्याने वाकून उचलायचं असं ठरलं तर कामाचा वेग गड्याच्या ताकदीवर ठरतच नाही, त्या ठेवण्या-उचलण्यावर ठरतो. नळ्यांची लांबी काही मायक्रॉन, म्हणजे एक मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिकमधून आरपार जायला उष्णतेला अशी शेकडो वेळा उतरचढ करावी लागते.

दोन पदार्थांच्या सीमेवर उष्णता अडते हे तसं जुनंच आहे, प्योत्र कापित्साने १९४१ मधे धातू आणि द्रवरूप हेलियमच्या सीमेवर तापमानाची पायरी मोजली, म्हणून या अडथळ्याला कापित्सा रेझिस्टन्स म्हणतात. नॅनोट्यूबसाठी तो मोजला २००३ मधे, केहिल आणि केब्लिन्स्की यांच्या गटांनी मिळून. पाण्यात साबणासारख्या रसायनाने सुट्या केलेल्या नळ्या, त्यांच्यावर लेझरचा अतिशय छोटा झटका, आणि मग नळी किती वेळात थंड होते ते बघायचं. उत्तर आलं दर चौरस मीटरला, दर केल्विनला १२ मेगावॅट. मेगावॅट ऐकून खूप वाटतं, पण याला ०.२ च्या प्लास्टिकच्या भाषेत आणू. १२ मेगावॅट उलटं केलं की रोध येतो साधारण ८.३ गुणिले दहाचा उणे आठवा घात, त्याला ०.२ ने गुणलं की जाडी येते १७ नॅनोमीटर. म्हणजे प्रत्येक नळीभोवती जणू १७ नॅनोमीटरचा जादाचा प्लास्टिकचा थर आहे, दिसत नाही पण उष्णतेला लागतो, आणि नळी स्वतः सिंगलवॉल असेल तर जेमतेम एकदोन नॅनोमीटरची! हे गणित मी प्रत्येक मुलाला स्वतःच्या हाताने करायला लावते, कारण हे एकदा केलं की "अजून एक टक्का टाकू का" हा प्रश्न आपोआप बदलतो.

विजेशी ताडून बघितलं की गोष्ट आणखी पक्की होते. त्याच एपॉक्सीत ०.१ टक्का किंवा त्याहूनही कमी नळ्या टाकल्या तरी ते अचानक वीज वाहायला लागतं, ग्राफ एकदम उभा चढतो, याला पर्कोलेशन म्हणतात, नळ्यांची एक सलग वाट तयार झाली की झालं. उष्णतेत असा उभा चढ येत नाही, हळूहळू तिरकी रेघ वर जाते एवढंच. कारण असं की वीज वाहण्यात नळी आणि एपॉक्सी यांच्यात दहाच्या पंधराव्या घाताइतका किंवा त्याहून जास्त फरक आहे, एपॉक्सीतून काहीच जात नाही त्यामुळे एक वाट मिळाली तरी ती सगळं ठरवते. उष्णतेत हाच फरक ३००० भागिले ०.२, म्हणजे फक्त १५ हजार पट, आणि त्यात वाटेवरचे सांधे इतके खराब की उष्णता त्या वाटेने जाण्याऐवजी आजूबाजूच्या प्लास्टिकमधून झिरपत जाते. केब्लिन्स्कींच्या गटाने २००५ मधे याच मुद्द्यावर अख्खा पेपर लिहिला. म्हणून कुणी विजेचा ग्राफ दाखवून "नेटवर्क तयार झालंय, आता उष्णताही जाईल" म्हणालं तर ते दोन वेगळे विषय आहेत हे शांतपणे सांगायचं.

मग सांधा सुधारायचा कसा? पहिला उपाय सगळ्यांना सुचतो तो, नळ्या नायट्रिक आणि सल्फ्युरिक ॲसिडमधे उकळायच्या, पृष्ठभागावर कार्बॉक्सिल गट येतात, ते एपॉक्सीशी बंध करतात, आणि कंपनं उतरायला चांगली जागा मिळते. हे खरंच होतं. पण प्रत्येक बंध म्हणजे नळीच्या शिस्तीत पाडलेली एक खोट, फोनॉन तिथे विखुरतो, नळीची स्वतःची कंडक्टिव्हिटी खाली येते. थोडं केलं तर फायदा, जास्त केलं तर तोटा, आणि मधली जागा प्रत्येक नळीच्या लांबीप्रमाणे वेगळी. हीच गत अल्ट्रासॉनिकची, नळ्या गुठळ्या करून बसतात म्हणून तासन्‌तास सॉनिकेटर (ध्वनिलहरींनी हलवणारं यंत्र) लावतात, गुठळ्या सुटतात पण नळ्या तुटून आखूड होतात, आणि आखूड नळी म्हणजे जास्त सांधे. थ्री रोल मिलवर (तीन रोलरच्या फटींतून दाबून) काढलेलं मिश्रण मला त्यामानाने बरं वाटतं.

दुसरा उपाय मला जास्त पटतो, सांधे सुधारण्यापेक्षा कमीच करायचे. नळ्या जंगलासारख्या उभ्या वाढवायच्या, चिपकडचं टोक खाली, हीट सिंककडचं (उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या भागाकडचं) टोक वर, मधे पॉलिमर भरायचा, म्हणजे एकच नळी आरपार जाते. अशा उभ्या नळ्या वाढवण्यात आपल्या ओळखीचं एक नाव आहे ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कापूर! आयआयटी मुंबईत महेश्वर शेरॉन यांच्या गटाने कापरापासून कार्बनच्या रचना करायचं काम केलं, आणि मुकुल कुमार यांनी पुढे नागोयाच्या मेइजो विद्यापीठात योशिनोरी आंदोंबरोबर कापूर आणि फेरोसीन (लोखंड असलेलं एक संयुग) तापवून एकाच दिशेत उभ्या वाढलेल्या नळ्या मिळवल्या, २००३ च्या सुमाराची ही गोष्ट. कापरात कार्बन भरपूर, सहज वाफ होते, आणि झाडापासून मिळतो. मला हे काम फार जवळचं वाटतं. तर उभ्या नळ्यांचा त्रास असा की जंगलाची उंची सारखी नसते, वरच्या पत्र्याला त्यातल्या थोड्याच नळ्या खरोखर टेकतात, आणि दाट दिसणाऱ्या जंगलातही नळ्यांनी व्यापलेली जागा बहुतेक वेळा काही टक्केच असते. सांधा मधून गेला आणि टोकाला येऊन बसला. टोकांना धातूचा पातळ थर देऊन सोल्डरने जोडण्याचे प्रयोग झालेत, ती दिशा बरोबर वाटते.

आणि प्लास्टिकला उगाच वाईट ठरवू नका हं. २०१० मधे एमआयटीत गँग चेन यांच्या गटाने साध्या पॉलिएथिलीनचा, म्हणजे कॅरीबॅगच्या जातीचाच पॉलिमर, अतिशय बारीक धागा हळूहळू ताणला, साखळ्या एका दिशेत सरळ झाल्या, आणि त्या धाग्याची कंडक्टिव्हिटी आली १०४! ०.४ च्या आसपासचं प्लास्टिक, आणि नुसतं ताणून लोखंडाच्या वर गेलं, नळी नाही की काही नाही. कार्बन-कार्बन बंध चांगलाच वाहक असतो, गुंता त्याला अडवतो. फक्त हे धाग्याच्या दिशेतच, आडवं नाही, आणि धाग्याची हीट सिंकएवढी वस्तू कशी करायची हा प्रश्न वेगळाच.

आता कामाचा भाग, आपल्याला मुळात किती पाहिजे? समजा १ मिलिमीटर जाडीची प्लास्टिकची भिंत आहे, कंडक्टिव्हिटी ०.२, तर तिचा रोध ०.००५. भिंतीच्या बाहेर पंखा नसलेली शांत हवा असेल तर हवेचा सहगुणक (पृष्ठभागावरून उष्णता किती सहज उचलली जाते त्याचा आकडा, हा उलटा केला की रोध येतो) १० धरा, रोध ०.१, म्हणजे भिंतीच्या वीस पट. इथे भिंतीत ३००० च्या नळ्या टाका नाहीतर चांदी टाका, हवाच सगळं अडवून बसलीये, फरक पडणार नाही. (एलईडीच्या बॉडीसारख्या ठिकाणी उष्णता एका ठिपक्यातून सगळीकडे पसरायची असते तिथे ०.२ चालत नाही, पण ५ ते १० वर बहुतेक वेळा भागतं, ॲल्युमिनियमची गरज नसते.) दोन्हीकडून वाहतं पाणी असेल तर चित्र उलटं. पाण्याचा सहगुणक ५००० धरला तर प्रत्येक बाजूचा रोध ०.०००२, दोन्ही मिळून ०.०००४, आणि भिंत ०.००५, आता भिंतच मुख्य अडथळा. एकूण सहगुणक येतो १८५ च्या आसपास. तीच भिंत ०.२ वरून १ वर नेली की ७१४, ५ वर नेली की १६६७, आणि ॲल्युमिनियमची केली तर २४७० च्या आसपास. नीट बघा, ०.२ ते ५ या एवढ्याशा पट्ट्यात जवळजवळ दोन तृतीयांश फायदा मिळून जातो, पुढचे २०० फक्त उरलेल्या एक तृतीयांशासाठी. हा हिशोब केला त्या दिवसापासून मला ३००० चा मोह उरलेला नाही, मला ५ पाहिजे, आणि समुद्राच्या पाण्यात किंवा ॲसिडमधे वर्षानुवर्षं टिकणारा ५ पाहिजे. तारापूर, लोटे किंवा महाडच्या केमिकल पट्ट्यात काम केलेल्यांना हायड्रोक्लोरिक ॲसिडसाठीचे ग्रॅफाइटचे ब्लॉक हीट एक्स्चेंजर (एका द्रवातली उष्णता दुसऱ्यात नेणारे) माहीत असतील, जड, ठिसूळ, एक धक्का लागला की चीर. तिथे पॉलिमर कंपोझिटच्या नळ्या बसल्या तर किती सोपं होईल.

पण हा ५ एकट्या नॅनोट्यूबने येत नाही हे स्पष्टच सांगते. बाजारातले गॅप पॅड आणि थर्मल पेस्ट (चिप आणि हीट सिंक यांच्यातली फट भरणारे) ३ ते ६ पर्यंत जातात ते ॲल्युमिना किंवा बोरॉन नायट्राइडची पावडर आकारमानाने साठ-सत्तर टक्के ठासून. ॲल्युमिनाची स्वतःची कंडक्टिव्हिटी ३० च्या आसपास, नळीच्या शंभराव्या भागाइतकी, तरी जिंकते, कारण ती स्वस्त आहे आणि भरपूर ठासता येते, नळ्या मात्र दोनतीन टक्क्यांतच रेझिन इतकं घट्ट करतात की साच्यात ओतता येत नाही. नळीची खरी जागा मला वाटते मोठ्या कणांच्या मधे. ग्रॅफाइटच्या चपट्या कणांत थोड्या नळ्या मिसळल्या की त्या कणाकणाला जोडतात, आणि दोघांचा मिळून फायदा एकेकट्यापेक्षा जास्त होतो, हे रिव्हरसाइडच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात हॅडन यांच्या गटाने २००८ मधे एपॉक्सीत दाखवलं. म्हणजे पुन्हा सांधाच, पण इथे नळी सांधा सुधारायला आली. एक इशारा, हे सगळं वीजही वाहतं, सर्किट बोर्डाला चिकटणाऱ्या जागी वापरू नका, तिथे बोरॉन नायट्राइडच बरं.

मोजमापाबद्दल थोडक्यात. लेझर फ्लॅशवर घ्या किंवा हॉट डिस्कवर (मोजायच्या या दोन पद्धती), पण दिशा लिहा, पॅडच्या आडव्या दिशेचा आकडा आरपार दिशेपेक्षा कितीतरी जास्त येतो आणि चिपला आरपारच लागतो. लेझर फ्लॅश थेट कंडक्टिव्हिटी देत नाही, घनता आणि विशिष्ट उष्मा वेगळे मोजावे लागतात, तिथली चूक गुणून पुढे येते. नॅनोफ्लुइडच्या (नॅनोकण मिसळलेल्या द्रवांच्या) क्षेत्रात सुरुवातीला असेच अचाट आकडे येत होते, मग तीसहून जास्त प्रयोगशाळांनी तीच सँपल वाटून घेऊन मोजली, २००९ मधे निकाल छापला, आणि जुन्या सिद्धांताच्या बाहेरचं काही सापडलं नाही. तशी शिस्त इथेही हवी असं मला फार वाटतं.

शेवटचं, आणि हे मी सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होतं असं कदाचित तुम्ही म्हणाल. सुटी नॅनोट्यूब पावडर कॉलेजच्या लॅबमधे उघड्यावर हाताळू नका. २००८ मधे उंदरांवर झालेल्या प्रयोगात लांब मल्टिवॉल नळ्यांनी पोटाच्या आतल्या अस्तरावर ॲस्बेस्टॉससारखे परिणाम दाखवले, त्यातल्या एमडब्ल्यूसीएनटी-७ या प्रकाराला २०१४ मधे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने माणसाला कॅन्सरकारक असू शकेल अशा गटात टाकलं, आणि अमेरिकेतल्या निऑश या कामगार-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेने २०१३ मधे कामाच्या जागेसाठी सुचवलेली मर्यादा आहे घनमीटरमागे १ मायक्रोग्रॅम. त्यामुळे पावडर मागवण्याऐवजी मास्टरबॅच मागवा, नळ्या आधीच प्लास्टिकच्या दाण्यांत बांधलेल्या असतात, साधारण १५ ते २० टक्के, तुम्ही ते साध्या दाण्यांत मिसळून ट्विन स्क्रू एक्स्ट्रुडरमधून (दाणे वितळवून मिसळणाऱ्या यंत्रातून) काढायचं, आणि तयार सँपल कापताना, घासताना पाणी लावून ओलंच कापायचं. मास्टरबॅचमुळे एपॉक्सी हातातून जाईल, पॉलिप्रॉपिलीन नाहीतर नायलॉन घ्यावं लागेल, पण प्रोजेक्टसाठी पॉलिप्रॉपिलीन उलट जास्त चांगलं, ॲसिडला टिकतं, त्यात ग्रॅफाइट वेगळं घालता येतं, आणि वरचा पाण्याचा हिशोब त्याच्याच १ मिलिमीटरच्या शीटवर, दोन्हीकडून पाणी सोडून, खरोखर मोजून बघता येतो.